चिंधीची लाज कुणाला?

गिरणगावातील ज्या चाळीत माझे बालपण गेले, तेथे दुपारी दोन-अडीचच्या सुमारास बोहारीण येत असे. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी आणि पाठीशी जुन्या कपड्यांचे गाठोडे. मग जिन्याच्या पायरीवर तासभर घासाघीस चाले. आईने पुढे टाकलेला एकेक कपडा ती दोन बोटांच्या चिमटीत धरून चोळी आणि क्षणात निवाडा देई : हे सुती, हे टेरिकॉट, हे नायलॉन. तिचा निवाडा कधी चुकल्याचे मला आठवत नाही. कापडातील तंतू ओळखून कपड्यांची वर्गवारी करण्यासाठी आज युरोपात प्रकाशकिरणांवर चालणारी महागडी यंत्रे बसवली जात आहेत. तेच काम ही निरक्षर बाई एका पातेल्याच्या मोबदल्यात करीत होती.

आज ती बोहारीण आपल्या संकुलाच्या फाटकावर अडवली जाते. तिला आत सोडू नये, असा ठराव करणारे आपणच. आपले जुने कपडे आता काळ्या पिशवीत बांधून ओल्या कचऱ्याबरोबर जातात. आणि त्याच आठवड्यात आपला मुलगा मॉलमधून एक टी-शर्ट आणतो. त्याच्या गळ्याशी शिवलेल्या चिठ्ठीवर अभिमानाने छापलेले असते, की या कपड्यात पुनर्प्राप्त कापूस वापरला आहे. त्यासाठी दोनशे रुपये जास्त मोजल्याचे त्याला दुःख नसते, उलट पृथ्वी वाचवल्याचे समाधान असते. फाटकावर अडवलेली बाई आणि मॉलमधला तो टी-शर्ट यांचा परस्परांशी काही संबंध आहे, हे मात्र घरात कुणाच्या ध्यानात येत नाही. आजचा लेख या संबंधाविषयी आहे.

वापरलेल्या वा वाया गेलेल्या कापसाचे तंतू पुन्हा मोकळे करून त्यांचे सूत काढणे हा हलका धंदा आहे, असा समज आपल्या समाजात घट्ट बसला आहे. तो समज खोटा आहे. हलकेपणा त्या सुतात नाही. ते सूत चोरून विकण्याच्या, ते काढणाऱ्याला धुळीत कोंडण्याच्या आणि परक्याने प्रशस्तिपत्र दिल्यावाचून त्याचे मोल न ओळखण्याच्या आपल्या वृत्तीत तो आहे.

एका शब्दाची कथा

इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यात बॅटली नावाचे गाव आहे. तेथे १८१३ च्या सुमारास बेंजामिन लॉ याने लोकरीच्या चिंध्या फाडून, त्यांचे तंतू नव्या लोकरीत मिसळून कापड विणण्याची रीत बसवली. त्या कापडाला ‘शॉडी’ म्हणत. पुढे १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. लबाड पुरवठादारांनी निकृष्ट शॉडीचे गणवेश सैनिकांच्या अंगावर चढवले आणि ते थोड्याच दिवसांत विरून गेले. तेव्हापासून इंग्रजीत ‘शॉडी’ हा शब्द हलक्या, फसव्या मालासाठी शिवीसारखा रूढ झाला. लबाडी पुरवठादाराची, बदनामी मात्र चिंधीची!

आपल्याकडे काय होते? आपल्याकडे आजीच्या जुन्या लुगड्यांची गोधडी होत असे आणि घरातले तान्हे बाळ पहिल्यांदा तिच्यातच गुंडाळले जाई. दर दोन-तीन वर्षांनी पिंजारी दारात येई. गादीतला दबलेला कापूस धनुकलीवर पिंजून तो पुन्हा फुलवून देई. जुना तंतू मोकळा करून नव्याने कामास लावणे याहून वेगळे काय असते? करंगळीतून रक्त वाहणाऱ्या श्रीकृष्णाला द्रौपदीने भरजरी वस्त्राची चिंधी फाडून बांधली आणि त्या चिंधीचे ऋण भगवंताने भर सभेत वस्त्रे पुरवून फेडले, ही कथा तर आपल्या घराघरांत सांगितली जाते. संत गाडगेबाबांना लोक ‘गोधडे महाराज’, ‘चिंधेबुवा’ म्हणत. या संबोधनांत अवहेलना नव्हती, आदर होता.

म्हणजे ज्या संस्कृतीत चिंधीला प्रतिष्ठा होती, तिच्या वारसांनी चिंधीची लाज बाळगायची आणि ज्यांच्या भाषेत तिची शिवी झाली, त्यांनी तिला ‘चक्रीय अर्थव्यवस्था’ असे भारदस्त नाव देऊन ती आपल्यालाच विकायची, असा हा उलटा व्यवहार आहे. परंतु केवळ ‘हे सारे आमच्याकडे पूर्वीपासून होते’ असे म्हणून छाती फुगवणाऱ्यांचाही येथे निभाव लागणार नाही. गोधडीवर निबंध लिहिणे सोपे असते. गोधडीचा उद्योग उभारण्यासाठी घाम गाळावा लागतो.

कचरा नव्हे, कापूसच

गिरणीत कापसाची गाठ फुटल्यापासून सूत गुंडाळले जाईपर्यंत प्रत्येक टप्प्यावर काही तंतू गळतात. ब्लो रूममध्ये आणि पिंजणयंत्राखाली झड पडते. बारीक सुतासाठी कापूस विंचरला जातो, तेव्हा शंभर किलोंमागे साधारण पंधरा ते वीस किलो आखूड तंतू बाजूला पडतात. बाजारात त्यांना ‘कोंबर’ म्हणतात. हे कोंबर स्वच्छ असते, शुभ्र असते, त्याची लांबी तेवढी कमी असते. रुग्णालयात जखमेवर ठेवला जाणारा कापूस त्यापासून होतो. आपल्या खिशातली नोट शंभर टक्के कापसाच्या कागदावर छापलेली असते आणि त्या कागदासाठीही कोंबर वापरले जाते. ज्या ‘कचऱ्या’वर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांचे वचन छापले जाते, त्याला कचरा म्हणण्याचे धाडस आपण कोणत्या तोंडाने करतो?

पीळ बसलेल्या सुताचे आणि विणलेल्या कापडाचे काम अधिक अवघड असते. तिरुपूरच्या होजिअरी कारखान्यांत बनियन आणि टी-शर्ट कापताना कतरणीचे ढीग पडतात. त्या कतरणी आधी रंगांनुसार वेगळ्या करतात, मग त्यांचे तुकडे करून टोकदार खिळ्यांच्या फिरत्या ढोलांतून काढतात. पहिला ढोल कापड फाडतो, पुढचे ढोल सुताचा पीळ उकलतात आणि शेवटी हाती सुटा तंतू येतो. या झटापटीत तंतू तुटतो आणि आखूड होतो. तो पारंपरिक रिंग साच्यावर एकटा नीट चालत नाही. त्यासाठी ओपन एंड पद्धतीचा साचा लागतो. १९६७ मध्ये तत्कालीन चेकोस्लोव्हाकियात ‘बीडी २००’ हे यंत्र आले आणि ही पद्धत व्यवहारात उतरली. वेगाने फिरणाऱ्या लहानशा वाटीत सुटे तंतू सोडले जातात, ते वाटीच्या खाचेत थरावर थर बसतात आणि पीळ घेत सूत होऊन बाहेर पडतात. आखूड तंतूंना हे यंत्र सामावून घेते. सुताला बळ यावे म्हणून त्यात काही प्रमाणात ताजा कापूस किंवा पॉलिस्टर मिसळतात.

या सुतातून मलमल निघणार नाही, हे मान्य केलेच पाहिजे. रिंग साच्यावरच्या सुताइतकी ताकदही त्यात नसते. प्रायः वीस काउंटच्या आतले हे जाडे सूत आहे. पण चादर, सतरंजी, टॉवेल, जीन्स, कामगारांचे हातमोजे आणि फरशी पुसण्याचे पोछे यांना मलमल लागते कुठे? धरणाच्या भिंतीला संगमरवर मागण्यासारखाच हा हट्ट झाला.

या सुताचा आणखी एक गुण आहे आणि तो तिरुपूरइतका अन्य कुणाला कळणार नाही. तेथील रंगाई कारखान्यांच्या सांडपाण्याने नोय्यल नदी नासली. शेतीसाठी बांधलेल्या ओरथुपालयम धरणात रसायनमिश्रित पाणी साठले. अखेर २०११ च्या जानेवारीत मद्रास उच्च न्यायालयाला रंगाई कारखाने बंद करण्याचा आदेश द्यावा लागला. कतरण रंगांनुसार निवडली की तंतू रंगासकटच मिळतो. निळ्या कतरणीचे सूत निळे आणि काळ्याचे काळे. पुन्हा रंगवण्याची गरज नाही, म्हणजे त्यासाठी लागणारे पाणी, मीठ आणि रंग वाचले. शिवाय एक किलो कापूस पिकवून तयार करण्यामागे जागतिक सरासरीने सुमारे दहा हजार लिटर पाणी खर्च होते, असा जलतज्ज्ञांचा हिशेब आहे. ज्या मराठवाड्यात टँकरच्या रांगेत उन्हाळा जातो, तेथील वाचकाला या आकड्याचा अर्थ समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

पानिपतावरचा दुसरा लढा

पानिपत म्हटले की मराठी मनाला १४ जानेवारी १७६१ आठवतो. परंतु त्याच भूमीवर १९४७ नंतर एक दुसरा लढा लढला गेला, त्याची दखल आपण घेतलेली नाही. फाळणीने पश्चिम पंजाबातील घरदार हिरावलेले विणकर येथे निर्वासित म्हणून आले. अंगावरच्या वस्त्रांनिशी आलेल्या या माणसांनी भीक मागितली नाही, माग मांडले. पुढे याच गावाने जगभरच्या जुन्या कपड्यांपासून ब्लँकेट विणण्याचा उद्योग उभारला. देशात वा परदेशात भूकंप-पूर आला की मदतीच्या ट्रकवर चढणारी स्वस्त ब्लँकेट्स पानिपतची असत. पॉलिस्टरच्या गुबगुबीत ब्लँकेटांनी तो बाजार हिरावला, तेव्हा अनेक कारखानदार पुनर्प्राप्त कापसाच्या सुताकडे वळले. पडूनही पुन्हा उभे राहणे याला म्हणतात!

येथे एक कटू प्रश्न उभा राहतो. ७ ऑक्टोबर १९०५ रोजी पुण्यात तरुण सावरकरांच्या पुढाकाराने विदेशी कापडाची होळी पेटली होती. आज शंभराहून अधिक वर्षांनी त्याच विदेशातील टाकाऊ कपडे कंटेनर भरभरून कांडला बंदरात उतरतात आणि आपण त्यांचे पैसे मोजतो. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून सदस्य देशांना वस्त्रकचरा वेगळा गोळा करणे बंधनकारक केले आहे. गोळा झालेले ते गाठोडे कोणत्या तरी बंदराचा शोध घेणारच. श्रीमंतांनी वर्षभर मिरवायचे आणि त्यांचे उतरलेले आपण उसवायचे, या व्यवस्थेविषयी स्वाभिमानी माणसाला संताप येणे स्वाभाविक आहे.

पण संतापाच्या भरात आपण आपला हिशेब विसरू नये. ‘फॅशन फॉर गुड’ या संस्थेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार भारतात वर्षाकाठी सुमारे ७८ लाख टन वस्त्रकचरा जमा होतो. त्यात आयात मालाचा वाटा ७ टक्के आहे. ४२ टक्के कचरा आपल्या गिरण्यांतून आणि कारखान्यांतून निघतो, तर ५१ टक्के तुमच्याआमच्या घरांतून. शंभरांतले त्र्याण्णव भाग आपलेच! पाश्चात्त्यांच्या नावाने बोटे मोडून झाली असतील, तर आता आपल्या कपाटाकडे वळायला हरकत नाही. आपल्या घरचा माल न निवडता, ओल्या कचऱ्यात भिजवून आपण कुजवतो. परदेशी गाठी मात्र निवडलेल्या आणि कोरड्या येतात. यात दोष कांडल्याच्या व्यापाऱ्याचा किती आणि आपला किती?

कष्टकऱ्याचा श्वास

या उद्योगाच्या गौरवगीतात एक कडवे नेहमी गाळले जाते. चिंध्या निवडणाऱ्या, बटणे आणि चेन कापून काढणाऱ्या बहुतांशी स्त्रिया असतात. फाडणीयंत्राजवळ हवेत सतत तूस तरंगत असते. कापसाच्या धुळीने फुप्फुसांना ‘बिसिनोसिस’ हा रोग जडतो. कायद्याने तो व्यावसायिक रोग मानला आहे. त्याचे एक विचित्र लक्षण म्हणजे साप्ताहिक सुट्टीनंतर कामावर आल्या दिवशी छाती आवळते आणि दम लागतो. आमच्या चाळीत तळमजल्यावर पिंजणखात्यातले एक काका राहत. रविवारी ते मुलांना घेऊन राणीच्या बागेत जात आणि सोमवारी रात्री त्यांचा खोकला तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू येई. ‘सोमवार बाधतो’ असे ते हसत म्हणत. त्यामागे वैद्यकशास्त्रातले एक नाव आहे, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. तोवर काका गेले होते आणि १९८२ च्या संपानंतर त्यांची गिरणीही गेली होती.

धूळ ओढून घेणारी यंत्रणा, तोंडावर योग्य मुखपट्टी, वर्षातून एकदा फुप्फुसांची तपासणी या काही चंद्रावरच्या गोष्टी नव्हेत. परंतु त्यांचा खर्च कुणी करायचा? विदेशी ब्रँड तर सुताचा भाव दर हंगामात पाडून मागतो. अमेरिकेतील ‘टेक्सटाईल एक्स्चेंज’ या संस्थेचे ‘ग्लोबल रिसायकल्ड स्टँडर्ड’ यांसारखी मानके आली. त्यात कामगारांविषयीची कलमेही आहेत आणि ती असावीतच. पण प्रमाणपत्राचा आणि लेखापरीक्षणाचा खर्च छोट्या कारखानदाराने करायचा आणि हिरव्या पानाचे चित्र मात्र ब्रँडने मिरवायचे, ही वाटणी न्याय्य नाही. आणि आपल्या कामगाराच्या श्वासाची चौकशी करण्यासाठी परक्याच्या पाहणीची वाट पाहावी लागावी, ही आपल्याला भूषणावह गोष्ट आहे काय?

आक्षेप आणि उत्तरे

काही जण म्हणतील, जुन्या कापसाचे सूत वाढले तर विदर्भातील शेतकऱ्याच्या कापसाला कोण विचारणार? हा आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तरही प्रामाणिकपणे द्यायला हवे. जाड्या सुताच्या काही कामांत ताज्या कापसाची जागा थोडीफार घेतली जाईल, हे खरे. परंतु शेतकऱ्याचा खरा प्रतिस्पर्धी चिंधी नव्हे, खनिज तेलापासून बनणारे पॉलिस्टर आहे. आज जगातील एकूण तंतू-उत्पादनात निम्म्याहून अधिक वाटा एकट्या पॉलिस्टरचा आहे आणि कापूस पंचमांशाच्या आसपास उरला आहे. पुनर्प्राप्त तंतूला ताज्या कापसाची जोड लागते आणि या जोडीतून निघालेली स्वस्त चादर पॉलिस्टरच्या चादरीला तोंड देऊ शकते. बाजारात सुती कापड टिकले तरच बोंडाला भाव राहील. गोधडीने कधी कापसाचे शेत बुडवल्याचे ऐकिवात नाही.

दुसरा आक्षेप भेसळीचा. हा तर पूर्णतः खरा आहे. पुनर्प्राप्त तंतू ताज्या कापसाच्या नावाने खपवला जातो आणि ग्राहक फसतो. पण त्यावरचा उपाय तो तंतू बंद करणे हा नसून त्याचे नाव उघड करणे हा आहे. अमेरिकन सैनिकांना शॉडीने फसवले नव्हते, शॉडी लपवणाऱ्यांनी फसवले होते. ‘या चादरीत चाळीस टक्के पुनर्प्राप्त कापूस आहे’ असे स्पष्ट मराठीत छापून, त्याप्रमाणे भाव लावून माल विका. मग पाहा, गृहिणी विश्वासाने घेते की नाही.

महाराष्ट्राने काय करावे?

कापूस पिकवणारा महाराष्ट्र, इचलकरंजी, मालेगाव आणि भिवंडीचे यंत्रमाग चालवणारा महाराष्ट्र आणि मुंबई-पुण्यासारख्या महानगरांत जुन्या कपड्यांचे डोंगर उभारणारा महाराष्ट्र या उद्योगात अग्रेसर का नाही? राज्याच्या २०२३-२८ च्या एकात्मिक व शाश्वत वस्त्रोद्योग धोरणाने कापसावर राज्यातच होणारी प्रक्रिया ३० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. उद्दिष्ट स्तुत्य आहे. पण आपल्या अनेक सहकारी सूतगिरण्यांची अवस्था काय आहे, हे सर्वज्ञात आहे. बंद सूतगिरणीच्या आवारात राजकीय मेळावे भरवण्यापेक्षा तेथे फाडणीयंत्रे आणि ओपन एंड साचे बसवले, तर सोलापूरच्या चादरीला गावाजवळचे सूत मिळेल. सोलापुरी चादरीच्या नावाने पानिपतची चादर विकली जाते, अशी सोलापूरकरांची जुनी तक्रार आहे. तक्रार रास्त आहे. परंतु पानिपतकडून नाव चोरण्याची खोड सोडून बाकी सारे शिकण्यासारखे आहे.

शासनाने आणखी एक करावे. शासकीय रुग्णालये, वसतिगृहे, आश्रमशाळा आणि रेल्वेगाड्या यांच्या चादरी, टॉवेल आणि सतरंज्यांच्या खरेदीत पुनर्प्राप्त कापसाच्या सुताला निश्चित वाटा द्यावा आणि त्याच निविदेत धूळनियंत्रण व कामगारांची आरोग्य तपासणी यांची अट घालावी. अट मोडणाऱ्याची निविदा बाद. ग्राहक आपलाच असल्यामुळे यासाठी ब्रसेल्सची परवानगी लागत नाही.

आणि आपण? आपल्यापुरते काम अगदी साधे आहे. सुती कपडे धुऊन, वाळवून वेगळे ठेवावेत. ताणणाऱ्या लवचीक धाग्याचे आणि मिश्र कापडाचे कपडे त्यांत मिसळू नयेत, कारण असा एक कपडा फाडणीयंत्रात संपूर्ण घाणीला त्रास देतो. शाखेच्या, भजनी मंडळाच्या किंवा गणेशोत्सव मंडळाच्या कार्यकर्त्यांनी वर्षातून दोनदा असे कपडे गोळा करून खात्रीच्या ठिकाणी पोहोचवणे अशक्य नाही. निर्माल्य वेगळे ठेवायला आपण शिकलो, तसे हेही शिकू. चादर घेताना दुकानदाराला विचारावे, की सूत कोणते आहे? प्रश्न विचारला गेला, की उत्तर छापावे लागते.

पुढच्या खेपेस फाटकावर पाटी घेऊन बोहारीण उभी दिसली, तर पहारेकऱ्याला सांगा, तिला आत सोड. दारात आली की तिला बसायला पाट द्या, पाणी द्या आणि मग हवी तेवढी घासाघीस करा. ज्या उद्योगाची जगभर आज परिषदांतून चर्चा चालली आहे, त्यातील पहिली तज्ज्ञ व्यक्ती तुमच्या उंबऱ्याशी आलेली असेल.